टाकीतलं पाणी, झाडावरचं तेल

श्रावणातल्या रविवारी वैशाखऱ्यात माझ्या मामांना धड जेवायलाही फुरसत नसते. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत येणारा रस्ता इथून पुढे माळशेजचा घाट चढतो, आणि नाणेघाटाची पायवाटही याच रानातून वर जाते. पावसात भिजायला निघालेली पोरं पहाटे बाइक घेऊन येतात, रस्त्याकडेला लावून डोंगरात जातात. दुपारी परततात, किक मारतात, तर गाडी उठत नाही. मग ढकलत मामांच्या गॅरेजला आणतात. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक बाक, मागे भाताचं खाचर आणि खाचराच्या बांधावर रांगेने करंज.

मी पुण्याला इंधनाच्या प्रयोगशाळेत काम करते. त्यामुळे मी आले की मामांचा वर्षभराचा राग माझ्यासाठी राखून ठेवलेला असतो. त्या दिवशीही चहाच्या आधी त्यांनी एका जुन्या बाइकच्या कार्बोरेटरची वाटी उघडून माझ्यापुढे धरली. तळाशी पाणचट, गढूळ थेंब हलत होता.

"बघ तुमचं इथेनॉल. आषाढ लागल्यापासून ही नववी गाडी."

"मामा, टाकीच्या झाकणाचं रबर बघितलंत का? चिरलंय. रात्रभर पावसात उभी असणार. पाणी वरून आलंय."

"पाणी पूर्वीही वरूनच यायचं. तेव्हा तळाला बसायचं, मी वाटी काढून ओतून द्यायचो, गाडी सुरू. आता टाकी अख्खी उपसावी लागते. ते का, ते सांग."

प्रश्न बरोबर होता. बोलण्यापेक्षा दाखवावं म्हणून मी पिशवीतून खुणांची काचेची नळी काढली. दहा मिलिलिटर पाणी, त्यावर त्याच भागातल्या पंपावरून भरलेलं पन्नास मिलिलिटर पेट्रोल. बूच लावून हलवलं आणि बाकावर उभी ठेवली. पाच मिनिटांत दोन थर वेगळे झाले. खालचं पाणी दहाच्या खुणेवर नव्हतं, अठराच्या वर चढलं होतं.

"पाणी वाढलं?" बाइकवाला पोरगा वाकून बघत म्हणाला.

"पाणी वाढलं नाही. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याने स्वतःकडे ओढलं. पन्नासात साधारण दहा होतं, म्हणजे वीस टक्के."

मग मामांना सांगितलं. नुसत्या पेट्रोलला पाण्याशी काही घेणंदेणं नसतं. इथेनॉलला मात्र पाण्याची ओढ असते. थोडंसं पाणी आलं तर ते पेट्रोलमध्ये विरघळवून घेतं आणि ते पाणी जळता जळता निघूनही जातं. इतकं चांगलंच म्हणायचं. पण पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की सगळं मिश्रण फाटतं. दूध नासल्यासारखं. इथेनॉल पाण्याचा हात धरून तळाला जातं आणि टाकीच्या तळाशी जे जमतं ते धड पाणी नसतं, धड इंधन नसतं. इंजिनाला पहिला घोट नेमका त्याचाच मिळतो.

"म्हणजे नासलेलं दूध काढून टाकावंच लागतं," मामा म्हणाले. "हेच मी गिऱ्हाइकाला सांगतो, तर ते म्हणतात मामा टाकी साफ करण्याचे पैसे काढतायत."

मी तरीही माघार घेणार नव्हते. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा १०८च्या घरात आहे. म्हणजे दाबाखाली ते अवेळी पेट घेत नाही, इंजिन ठोकत नाही. असं इंधन हाताशी असेल तर जास्त दाबाचं, जास्त काटक इंजिन बांधता येतं. त्याच्या वजनातला एक तृतीयांशाहून जास्त भाग ऑक्सिजनच असतो, त्यामुळे जळण पुरं होतं. वीस टक्के मिश्रणाने दुचाकीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड निम्म्यापर्यंत उतरतो, असं नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात नोंदलेलं आहे.

"आणि ॲव्हरेज?"

"तेही उतरतं," मी म्हटलं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता असते, इथेनॉलमध्ये सुमारे २१. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे उष्णता सात टक्क्यांच्या आसपास घटते. जुन्या चारचाकीला सहा-सात टक्के आणि जुन्या दुचाकीला तीन-चार टक्के फटका बसेल, हे त्याच आराखड्यात आहे. इथेनॉल धरूनच बांधलेल्या गाडीला एक-दोन टक्के.

"जुन्या गाडीत दुसरीही गोष्ट होते," मामा म्हणाले. हे त्यांनी मला शिकवलं, प्रयोगशाळेने नव्हे. "कार्बोरेटरचा जेट ठरलेल्या मापाचा. पेट्रोलला जेवढी हवा लागते तेवढी इथेनॉलला लागत नाही. जेट तोच ठेवला की मिश्रणात हवा जास्त होते. गाडी तापते, मिसिंग करते, चढाला पिकअप सोडते. नव्या गाड्यांना धुराच्या वाटेवर सेन्सर आहे, तो इंधन वाढवून घेतो. या भागातल्या निम्म्या गाड्यांना कुठला सेन्सर? मी जेट बदलतो, ओ-रिंग बदलतो. पंपाचं रबर फुगलेलं असतं, तेही बदलतो. पैसे कोणाचे जातात? दुधाच्या किटल्या घेऊन टोकावड्याला जाणाऱ्याचे."

बी. एस. ६ गाड्या एप्रिल २०२० पासूनच्या, आणि वीस टक्क्यांना टिकणारे रबर-धातू असलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासूनच्या. मिश्रण मात्र सगळ्यांना सारखंच. २०१४ साली देशात सरासरी दीड टक्का इथेनॉल मिसळलं जात होतं, जून २०२२ मध्ये दहा टक्के झालं, आणि वीस टक्क्यांची मुदत २०३० ची होती ती आधी ओढून २०२५ मध्ये गाठलीही. कारखानदारी, वाहतूक, टाक्या, पंप, सगळी साखळी अकरा वर्षांत उभी राहिली, हे मला अजूनही थोर काम वाटतं. पण वाडी-वस्तीवरची बाइक पंधरा-वीस वर्षं चालते. तिचा हिशेब कोणी त्या वेळापत्रकात धरला नाही, हे मामांच्या बाकावर बसल्यावरच नीट दिसतं.

"बरं, उष्णता कमी तर भाव कमी का नाही?"

"कारण इथेनॉल स्वस्त नाही. २०२४-२५च्या हंगामात मक्याच्या इथेनॉलचा खरेदी दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे होता, उसाच्या रसाच्या इथेनॉलचा ६५ रुपये ६१ पैसे. पण मामा, हा पैसा आखातात जात नाही. उसाच्या, मक्याच्या शेतकऱ्याकडे येतो. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो."

"शेतकरी म्हणजे घाटावरचा," मामा शांतपणे म्हणाले. "इथे ऊस नाही. इथे भात, वरई, नागली. घाटावर ऊस पाटाच्या पाण्यावर वाढतो. एक लिटर इथेनॉलला पाणी किती लागतं?"

उसापासून काढलेल्या एका लिटरला सुमारे २८६० लिटर. हा आकडाही नीती आयोगाचाच. मी तो उच्चारला तेव्हा मामींनी आतून चहा आणला होता आणि त्या उभ्याच राहिल्या. इथे जून ते सप्टेंबर आभाळ फाटतं आणि एप्रिलमध्ये हंडे घेऊन वणवण असते. शेजारच्या शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे. त्यांचं पाणी मुंबईला जातं, आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतो. पाण्याचा आकडा या घरात कुणी नुसता आकडा म्हणून ऐकत नाही.

"आणि तांदूळ?" मामी म्हणाल्या. "रेशनच्या गोदामातला तांदूळसुद्धा दारूभट्टीला देतात म्हणे."

"डिस्टिलरीला, मामी. हो, देतात. एका टनाचं साडेचारशे लिटरच्या आसपास होतं."

मामींनी कप ठेवले आणि त्या आत गेल्या. मी पुढे म्हणू शकले असते की तो अन्नमहामंडळाचा शिलकी साठा आहे, गोदामात जागा नाही. म्हटलं नाही. ज्या घरात भाताच्या एका पेरणीशी वर्षाचं पोट बांधलेलं असतं, तिथे शिलकी तांदूळ हा शब्द मला उच्चारवला नाही. धान्यापासून इंधन या वाटेबद्दल माझ्या मनात शंका आहे आणि ती मी इथे लिहून ठेवते.

विषय बदलावा म्हणून मी पेंढ्याकडे वळले. ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपतला इंडियन ऑइलचा कारखाना सुरू झाला. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल काढायचं, अशी त्याची योजना. धान्य नको, जादा पाणी नको. नुसतं काड!

"तिकडे काड जाळतात म्हणून," मामा म्हणाले. "आपल्याकडे कोण जाळतो? माझ्या पेंढ्याची उडवी बघितलीस ना? चार महिने गुरांनी खायचा, उरला तर तबेल्यांना विकायचा. इथे तो कारखाना आला तर पेंढा महागणार, आणि ज्याच्याकडे एक म्हैस आहे तो आधी मोडणार. तिकडे तुझी गोष्ट खरी. इथे नाही."

मामांचं हे बोलणं माझ्या डोक्यात घर करून राहिलं. प्रयोगशाळेत आम्ही घनता, ज्वलनांक, उष्मांक, चिकटपणा मोजतो, आणि ते आकडे पानिपतला आणि वैशाखऱ्याला सारखेच येतात. पेंढ्याचं मोल मात्र दोन ठिकाणी दोन असतं.

आता हल्ला करायची पाळी माझी होती, कारण मामांचं स्वतःचं एक वेड आहे. ओढ्याकाठी त्यांचं जुनं, पाच अश्वशक्तीचं, हळू फिरणारं डिझेल इंजिन आहे. ते डिझेलवर सुरू करतात, तापलं की खोक्यावरची दुसरी टाकी उघडतात, तिच्यात करंजाचं तेल. बंद करायच्या आधी पुन्हा डिझेल. तेलाची नळी सायलेन्सरला वेढून आणलेली, तेल गरम व्हावं म्हणून.

"किती वर्षं चालवताय?"

"अकरा. नोजल दर हंगामाला काढून घासतो."

"घासावंच लागणार. करंजाचं तेल डिझेलच्या दसपटीहून जास्त घट्ट आहे. बारीक तुषार होत नाहीत, थेंब पडतात. अर्धवट जळतात, कोळसा धरतात. तुमच्या इंजिनाला चालतं, कारण ते म्हातारं आणि सोशिक आहे. आजच्या कॉमन रेलच्या जीपमध्ये ओतलंत तर आठवड्यात इंजेक्टर जातील."

"अगं, डिझेलचं इंजिन नवं होतं तेव्हा शेंगदाण्याच्या तेलावरही चालवून दाखवलं होतं ना?"

"१९०० साली, पॅरिसच्या प्रदर्शनात. खरं आहे. तेव्हापासून इंजिन बदललं, शेंगदाणा तोच राहिला."

तेलाचं बायोडिझेल करता येतं. मिथेनॉल आणि कॉस्टिक घालून तेलाचे मोठे रेणू तोडायचे. वर एस्टर, खाली ग्लिसरीन. शंभर किलो तेलाला दहा-अकरा किलो मिथेनॉल खर्च होतं आणि दहाएक किलो ग्लिसरीन सुटतं. मग घट्टपणा डिझेलच्या जवळ येतो. ते डिझेलपेक्षा उशिरा पेट घेतं, म्हणून साठवायला सुरक्षित. धूर कमी, गंधक जवळजवळ नाहीच. उष्णता मात्र लिटरमागे आठ-दहा टक्के कमी. आणि ते जुन्या टाकीतला सगळा गंज-चिकटा सोडवून आणतं, म्हणून पहिल्या दोन-चार भरण्यांत फिल्टर चोंदतो.

"ते मला माहीत आहे. एक टेम्पोवाला रस्त्यात कुठेतरी स्वस्तातलं बायोडिझेल भरून आला होता. ते नक्की काय होतं देव जाणे. पंप उघडला तर आत डिंक."

"मागच्या वर्षी तुम्ही दिलेल्या तेलाचं मी करून बघितलं," मी सांगितलं. "बायोडिझेल झालंच नाही. साबण झाला."

मामांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, म्हणून कारण नीट समजावलं. करंजाच्या शेंगा फाल्गुन-चैत्रात पडतात. बी वेचलं जातं, पोत्यात भरतं, आणि घाण्यावर जाईपर्यंत वळवाचे पाऊस येतात. ओल लागली की तेलात आम्ल सुटतं. दोन-तीन टक्क्यांच्या वर आम्ल गेलं की कॉस्टिक त्याच्याशी जुळतं आणि साबण होतो. आधी आम्ल मारण्याची एक पायरी वाढवावी लागते, म्हणजे खर्च वाढला. आणि मिथेनॉल? तेही आपण मुख्यतः आयातच करतो.

"म्हणजे तेल आपलं, पण ते मऊ करणारं पाणी परक्याचं," मामा म्हणाले. थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "साबणाचं वाईट वाटून घेऊ नकोस. साबण लागतोच घरात."

मग त्यांनी बांधापलीकडे बोट दाखवलं. तिथे मोगली एरंडाचं खुरटं कुंपण होतं. लहानपणी आम्ही त्याचा चीक काडीच्या फाशात धरून फुगे उडवायचो. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने याच झुडपावर देशाचं बायोडिझेल उभं करायचं ठरवलं. पडीक जमीन, पाणी नको, निगा नको, आणि लाखो हेक्टर लागवड. २००९च्या धोरणात तर २०१७ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के, असं लिहिलं गेलं. मामांनीही दोनशे रोपं लावली. रोपं देणारे पुन्हा फिरकले नाहीत, बी घेणारं कोणी आलं नाही.

"पडीक जमिनीत झाड जगतं," मामा म्हणाले, "पण जगणं वेगळं आणि फळणं वेगळं. पाणी-खत दिलं तरच बी धरतं. आणि पाणी-खत द्यायचं तर मी भाताला देईन. शिवाय पडीक म्हणजे कोणाची? त्या माळावर ठाकरांची गुरं चरतात, कातकरी लाकूडफाटा आणतात. कागदावर पडीक."

"मग करंजाचं वेगळं काय?"

"करंज मी लावला नाही. तो होताच. ओढ्याच्या काठाला धरून उभा आहे, माती धरतो, मुळाशी नत्र धरतो, सावली देतो. पेंड कडू, गुरं खात नाहीत, पण भाताला घातली तर कीड कमी होते. गाडीच्या आखाला वंगण म्हणून घातलंय आम्ही ते तेल, खरजेला लावलंय, दिव्याला घातलंय. आता पंपाला घालतो. त्याच्यासाठी कुणाची जमीन घ्यावी लागली नाही."

मी वही काढली. झाडामागे वर्षाला वीस किलो बी धरू, तेही उदार मनाने. गावच्या घाण्यावर पंचवीस टक्के तेल निघतं, म्हणजे पाच किलो. साडेपाच लिटरसुद्धा पुरतं होत नाही. वैशाखऱ्याहून कल्याणला जाऊन यायला एसटीला सव्वाशे-तीस किलोमीटर पडतात. लिटरला साडेचार-पाच किलोमीटर धरले आणि उष्णतेची तूट धरली, तर तीस लिटर लागतात. एका फेरीला सहा झाडांचं वर्षभराचं बी. रोज एक फेरी म्हणजे दोन हजारांवर झाडं.

आम्ही दोघंही त्या आकड्याकडे बघत राहिलो. पाऊस पत्र्यावर वाजत होता.

"एका एसटीला दोन हजार," मामा म्हणाले. "आणि बी वेचणार कोण? कातकरी बाया. दिवसभर वेचून त्यांच्या हातात काय पडतं, ते मी बघतो."

मग त्यांनी वडिलांनी सांगितलेली गोष्ट काढली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आलं, तेव्हा देशभर बस आणि ट्रक कोळशाच्या गॅसवर चालवले. गाडीच्या मागे शेगडीसारखी उंच टाकी, तिच्यात लोणारी कोळसा. हवा कमी देऊन तो धुमसवायचा, निघणारा वायू गाळून इंजिनात सोडायचा. त्या वायूत निम्म्याहून जास्त नायट्रोजनच. उष्णता इतकी थोडी की गाडीची ताकद तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहूनही उतरे. चढाला उतारूंनी खाली उतरायचं. कोळसा पाडणारे हात आमच्याच रानातल्या कातकऱ्यांचे.

"युद्ध संपलं, पेट्रोल आलं, शेगड्या भंगारात गेल्या," मामा म्हणाले. "तोडलेला ऐन काही परत आला नाही. माझी भीती एवढीच आहे पोरी. गरज शहराच्या गाडीची असते आणि माल आमच्या रानातून उतरतो. पाणी तसंच, कोळसा तसाच. उद्या करंजाचा नंबर लागेल."

"नाणेघाटाने सातवाहनांच्या काळापासून माल वर चढवला," ते थोडं थांबून म्हणाले. "बैल वाटेतलंच गवत खायचे. जेवढं गवत, तेवढेच बैल."

याला माझ्याकडे पुरतं उत्तर नव्हतं, आजही नाही. मोटारींचा देश गवताच्या मापाने चालणार नाही. इथेनॉल लागेल, शेणाचा आणि कचऱ्याचा गॅस दाबून सिलिंडरमध्ये भरावा लागेल, विजेवरच्या गाड्या लागतील. पुणे-नगर रस्त्यावर एसटीची पहिली गाडी १९४८ मध्ये धावली, त्याच रस्त्यावर २०२२ मध्ये विजेवरची शिवाई धावली, याचा मला आनंद आहे. पण करंजाच्या तेलाबद्दल माझं मत त्या दिवशी बदललं. मी त्याला महामार्गाच्या मापाने मोजत होते आणि नापास करत होते. ओढ्यावरच्या पंपाला हंगामाला तीस-चाळीस लिटर लागतात. तेवढं सात-आठ झाडं देतात, आणि ती बांधावर उभी आहेत. त्या कामासाठी मिथेनॉल नको, कारखाना नको. बी वेळेवर वाळवलं पाहिजे, तेल गाळून घेतलं पाहिजे आणि नोजल घासणारा माणूस पाहिजे.

"वाळवायचं कसं ते सांग," मामा म्हणाले.

सांगितलं. शेंग पडली की फोडून बी तीन-चार उन्हं खायला द्यायचं, पोतं जमिनीवर ठेवायचं नाही, आणि वळवाच्या आधी घाण्यावर न्यायचं. तेल दोन दिवस स्थिर ठेवून वरचंच घ्यायचं, तळचा गाळ दिव्याला. हवाबंद, भरलेल्या डब्यात ठेवायचं. त्यांनी बाइकच्या जुन्या बिलाच्या पाठीवर सगळं लिहून घेतलं. यंदाच्या तेलाची एक बाटली त्यांनी आधीच भरून ठेवली होती. मी चिकटपट्टीवर तारीख घातली, तर म्हणाले, "झाडं कुठली तेही लिही. ओढ्याकाठची तीन, बांधावरची पाच. मिसळलंय."

संध्याकाळी आळेफाट्याकडे जाणारी एसटी मिळाली. बाटली मांडीवर धरून बसले. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता बाटलीकडे बघितलं.

"ताई, पेट्रोल-डिझेल नाही ना? गाडीत चालत नाही."

"करंजाचं तेल आहे. काडी लावली तरी लवकर पेटत नाही."

त्यांनी बाटली हातात घेतली, बूच उघडून वास घेतला, आणि पुढच्या प्रवाशाकडे न जाता क्षणभर तिथेच उभे राहिले.

"आजी पावसाळ्यात पायांच्या बोटांना लावायची," ते म्हणाले. "चिखल्यांना. थोडं देता?"

मी त्यांच्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणात ओतलं. बस घाट चढायला लागली.